शुक्राणूंचा काउंट नॉर्मल, पण डीएफआय (किती शुक्राणूंचा डीएनए तुटलाय तो आकडा) ३८ टक्के आलाय. सरळ इक्सी (टेस्ट ट्यूब बेबीचा एक प्रकार) करायचं का?

भट्टीवाला_कोल्हापूर:

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. विषय जरा अवघड जागेचा आहे, सांभाळून घ्या.

माझं वय ३४, बायकोचं ३१. लग्नाला पाच वर्षं झाली. दिवस राहतात पण टिकत नाहीत. दोनदा असं झालं, दोन्ही वेळेला आठव्या आठवड्याच्या आत. एकदा सोनोग्राफीत ठोकेच दिसले नाहीत म्हणून क्युरेटिंग करावं लागलं, दुसऱ्यांदा आपोआप झालं. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, थायरॉईड, शुगर, पिशवीची सोनोग्राफी, ते अँटीबॉडीचं रक्त, सगळं नॉर्मल. माझी वीर्य तपासणी पहिल्या वर्षीच झालेली, काउंट ४२ मिलियन, मोटिलिटी (हालचाल) ५१ टक्के आणि खाली 'नॉर्मोझूस्पर्मिया' असं छापलेलं. तो कागद आला आणि घरात विषयच बंद, पोराचं सगळं बरोबर आहे म्हणून. त्यानंतर सगळ्या सुया बायकोलाच.

आता डॉक्टर बदलले. त्यांनी माझी अजून एक टेस्ट सांगितली, स्पर्म डीएनए फ्रॅगमेंटेशन. त्यात डीएफआय ३८ टक्के आला. डॉक्टर म्हणाले डीएनए डॅमेज आहे, नैसर्गिक वाट बघण्यात अर्थ नाही, इक्सी करून घ्या, आणि तोपर्यंत ह्या कॅप्सूल चालू करा. कॅप्सूलचं महिन्याचं बिल बघून घाम फुटला आणि इक्सीचा आकडा तर विचारूच नका.

घरी 'डीएनए टेस्ट' म्हटल्यावर आईचा चेहराच उतरला, सिरियलींनी डोकी फिरवून ठेवल्यात, तिला वाटलं पोर कुणाचं ते बघायची टेस्ट. कसंबसं समजावलं.

माझ्याबद्दल: शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, फर्नेसवर, आठ तास भट्टीसमोर. दारू नाही. मावा (तंबाखूचा) आहे, दिवसाला चार-पाच पुड्या होतात. गणपतीत डेंग्यू झालेला, ॲडमिट होतो. ही टेस्ट दिवाळीच्या तोंडावर केली.

प्रश्न असे की काउंट नॉर्मल असताना डीएनए खराब कसा? हे बरं होतं का? आणि माझा डीएनएच खराब असेल तर होणाऱ्या बाळात काही दोष येईल का? शेवटचा प्रश्न बायको रोज विचारते आणि माझ्याकडं उत्तर नाही.

शंकासूर:

भावा, आधी तीन गोष्टी सांग. टेस्टची पद्धत कुठली ते रिपोर्टवर लिहिलेलं असतं, ती कुठली? सॅम्पल देण्याआधी वीर्य न जाऊ देता किती दिवस गॅप होता? आणि टेस्ट एकदाच केली का? ह्या तिन्हीशिवाय ३८ ह्या आकड्याला काय किंमत नाही.

भट्टीवाला_कोल्हापूर:

रिपोर्टवर 'एससीडी / हॅलो' असं आहे. टेस्ट एकदाच केलीय. गॅप नऊ-दहा दिवस असेल, मित्र म्हणाला होता जेवढं साठवशील तेवढा रिपोर्ट भारी येतो.

लॅबवाली:

मित्राला माझा नमस्कार सांगा. :)

मी ॲन्ड्रोलॉजी लॅबमध्ये (पुरुषांच्या प्रजननाच्या तपासण्या होतात तिथं) काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं सांगणार नाही पण रिपोर्टचं सांगू शकते. जरा लांब होईल.

काउंट नॉर्मल असताना डीएनए खराब कसा, तर साध्या वीर्य तपासणीत आम्ही डीएनएकडे बघतच नाही. आम्ही किती आहेत, पळतायत का आणि दिसायला कसे आहेत एवढंच बघतो. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा एका मिलीला १६ मिलियन, एकूण मोटिलिटी ४२ टक्के आणि नॉर्मल आकाराचे फक्त ४ टक्के अशी दिलीय. आणि ह्या मर्यादा कुठून आल्या, तर ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांमधल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांवरून. म्हणजे मर्यादेच्या वर असलात तर 'सगळं उत्तम आहे' असा अर्थ निघत नाही. छान पळणारा, दिसायला देखणा शुक्राणू आत तुटका डीएनए घेऊन जात असू शकतो आणि तो अंड्यापर्यंत पोचून फलनही करू शकतो. तुमच्या बायकोला दिवस राहतात हे त्यात बसतं.

आता तुटतो कसा. शुक्राणूच्या डोक्याची लांबी साधारण ५ मायक्रॉन आणि त्यात जवळपास मीटरभर लांबीचा डीएनएचा धागा कोंबलेला असतो. गादीचा कापूस उशीच्या खोळीत दाबून बसवावा तसा. त्यासाठी नेहमीची हिस्टोन नावाची प्रोटीन बहुतेक सगळी काढून त्याजागी प्रोटामिन बसवली जातात, आणि हे करताना पीळ सैल व्हावा म्हणून शरीर स्वतःच धाग्याला जागोजागी काप देतं आणि नंतर ते जोडतं. काही जोडायचे राहून गेले, किंवा पॅकिंगच ढिलं झालं, की पुढं त्रास. हा पहिला प्रकार, वृषणातच होणारा. दुसरा प्रकार बाहेर पडल्यावरचा: शुक्राणू वृषणातून निघून एपिडिडायमिस नावाच्या वेटोळ्या नळीत दहा-बारा दिवस काढतो, तिथं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या ऑक्सिजनच्या मारक कणांचा, मारा होतो. शुक्राणूत पेशीद्रव जवळजवळ नसतंच, म्हणजे बचावाचा साठा नाही आणि मोडलेलं दुरुस्त करायची यंत्रणाही नाही. वृषणातून थेट काढलेल्या शुक्राणूंमध्ये तूट कमी आणि वीर्यातल्यांमध्ये जास्त सापडते ती ह्याच प्रवासामुळे.

म्हणूनच गॅपचा प्रश्न महत्त्वाचा. दहा दिवस साठवलं म्हणजे माल दहा दिवस त्याच नळीत पडून राहिला. काउंट वाढलेला दिसतो, डीएफआयसुद्धा वाढतो. साध्या तपासणीला दोन ते सात दिवस सांगतात, डीएफआयला आम्ही दोन-तीन दिवसांवर जाऊ नका म्हणतो आणि पुढच्या वेळेला तेवढाच गॅप ठेवा म्हणतो, नाहीतर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काही कळत नाही.

दुसरं म्हणजे डेंग्यू. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर नळीतले दिवस धरले तर तीन महिने झाले. आज जे बाहेर पडतंय ते तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं उत्पादन. गणपतीत ताप आणि दिवाळीला टेस्ट, म्हणजे तुम्ही नेमकं तापात भाजून निघालेल्या बॅचचं सॅम्पल दिलंत. मोठ्या तापानंतर काउंट, मोटिलिटी, डीएफआय सगळं काही आठवडे बिघडलेलं राहतं. हे लॅबमध्ये कुणी विचारलं नाही का? आम्ही फॉर्मवर ताप, औषधं, ऑपरेशन सगळं लिहून घेतो.

पद्धतीबद्दल. हॅलो टेस्टमध्ये शुक्राणू जेलमध्ये बसवून आधी ॲसिड आणि मग प्रोटीन काढणारं द्रावण घालतात, डीएनए धड असेल तर तो पसरून भोवती कडं दिसतं, तुटका असेल तर कडं दिसत नाही किंवा बारीक दिसतं. ते तीनशे-पाचशे मोजणारा माणूस असतो, त्यामुळे माणसागणिक थोडा फरक पडतो. एससीएसए नावाच्या दुसऱ्या टेस्टमध्ये ॲक्रिडिन ऑरेंज रंग देऊन मशीन हजारो शुक्राणू मोजतं, धड डीएनए हिरवा आणि तुटका लाल. ट्युनेल आणि कॉमेट ह्या टेस्ट अजून वेगळ्या. १५ च्या खाली चांगला, ३० च्या वर जास्त हे आकडे मुळात एससीएसएवर ठरलेत आणि लोक ते सगळ्या टेस्टला लावतात. तेव्हा पुढची टेस्ट त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं करा.

आणि बाळाचा प्रश्न. हा डीएफआय म्हणजे तुमच्या जनुकांत कुठला आजार आहे असं अजिबात नाही. शंभरातल्या अडतीस शुक्राणूंच्या धाग्याला तुटी आहेत एवढंच. अंड्याकडे दुरुस्तीची यंत्रणा असते, ती बऱ्याच तुटी सांधते. सांधल्या गेल्या नाहीत तर सहसा गर्भ वाढतच नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गर्भ आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या सामानावर चालतो, साधारण चार ते आठ पेशींच्या टप्प्याला त्याची स्वतःची जनुकं चालू होतात, त्यात वडिलांकडून आलेली पण आली, आणि गडबड असेल तर तिथून पुढे दिसायला लागते. डीएफआय जास्त होता म्हणून बाळ व्यंग घेऊन जन्मलं असं काही सिद्ध झालेलं नाही. हे बायकोला नक्की सांगा.

भट्टीवाला_कोल्हापूर:

ताई, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. डेंग्यूचं मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, तापाचा आणि ह्याचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली परत एकदा वाच.

आयुर_संजीवन_पॉवर:

मित्रांनो ७ दिवसात काउंट डबल, डीएनए शुद्धी १००% गॅरंटी, हजारो पेशंट समाधानी, व्हॉट्सॲप करा
[संपादकांनी नंबर काढून टाकला आहे. परत टाकल्यास खातं बंद होईल.]

शंकासूर:

सात दिवसात डबल! वर ताईंनी ७४ दिवस लिहिलंय, ह्यांच्याकडं उत्पादन तुफान मेल दिसतंय.

आता भावा तुझ्या कॅप्सूलचं. ह्या पाकिटावर काय लिहिलेलं असतं ते मी न बघता सांगतो: को-एन्झाइम क्यू टेन, एल-कार्निटिन, लायकोपिन, झिंक, सेलेनियम, फॉलिक ॲसिड. बरोबर ना? डोकं असं चालतं की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसनं डीएनए तुटतो, मग अँटीऑक्सिडंट दिले की थांबेल. ऐकायला एकदम पटतं. पण २०२० साली अमेरिकेत ह्यावर मोठी ट्रायल छापून आली, २३७० जोडपी, अर्ध्या नवऱ्यांना फॉलिक ॲसिड आणि झिंक सहा महिने, अर्ध्यांना खोटी गोळी. मूल होण्याचं प्रमाण ३४ टक्के आणि ३५ टक्के, म्हणजे सारखंच. आणि गंमत म्हणजे डीएनए फ्रॅगमेंटेशन गोळी खाणाऱ्यांत थोडं जास्त निघालं, २९.७ विरुद्ध २७.२. वर पोट बिघडल्याच्या तक्रारी वेगळ्या. त्याच वर्षी अजून एक ट्रायल आली, त्यात व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, कार्निटिन वगैरे सगळी मिसळ होती, तिच्यातही तीन महिन्यांनी डीएफआयमध्ये फरक नाही.

अँटीऑक्सिडंट अगदीच फालतू आहेत असं मी म्हणत नाही, छोटे छोटे अभ्यास फायदा दाखवतात, पण छोट्या अभ्यासांचं आपल्याला माहितीच आहे. माझं म्हणणं एवढंच की तोंडात मावा ठेवून वरून दोन हजाराची अँटीऑक्सिडंट कॅप्सूल गिळणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. तंबाखू ओढली काय आणि चघळली काय, रक्तात जाणार ते जाणारच. २००५ साली भारतातल्याच तंबाखू खाणाऱ्या पुरुषांचा अभ्यास छापून आलाय, जितकी तंबाखू जास्त तितका काउंट आणि मोटिलिटी खाली. मावा सोडायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात, म्हणून ते प्रिस्क्रिप्शनवर कुणी लिहीत नाही.

द्राक्षबाग_तासगाव:

शंकासूर बरोबर बोलतोय पण जरा सबुरीनं घे, मावा सोडणं तुला वाटतं तेवढं सोपं नसतं, आमच्या बागेत निम्मी माणसं त्यावर चालतात.

मी सांगतो माझं. माझाही डीएफआय तिशीच्या वर होता, काउंट मात्र कमी, म्हणून मला निदान लवकर डॉक्टरकडं तरी पाठवलं. तिथं एक गोष्ट कळली की आधीच्या तिन्ही ठिकाणी एकानंही मला तपासलंच नव्हतं. नुसते कागद बघत होते! यूरॉलॉजिस्टनं पहिल्या भेटीत उभं केलं, खोल श्वास घेऊन जोर लावायला सांगितला आणि हात लावल्यावर दोन मिनिटांत म्हणाला डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे. म्हणजे वृषणाच्या वरच्या शिरा फुगलेल्या, पायावर व्हेरिकोज व्हेन असते तशीच. डाव्याच बाजूला जास्त का, तर डावी शीर किडनीच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, रक्त वर चढायला त्रास होतो, झडपा निकामी झाल्या की खाली साठतं. वृषण शरीराबाहेर लोंबतात ते दोन-चार डिग्री थंड राहावेत म्हणूनच, आणि तिथंच गरम रक्त साठून राहिलं तर काय होणार. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना हे असतं, मूल न होणाऱ्यांत पस्तीस-चाळीसांना. दुखत नाही बहुतेकांना, म्हणून कळत नाही. आमच्याकडं 'जड वाटतं' म्हणून सोडून देतात.

माझं ऑपरेशन झालं. डीएफआय खाली आला, अगदी पंधराच्या आत नाही पण तिशीच्या बराच खाली. पोरगी झाली, आता अंगणवाडीत जाते. ऑपरेशनमुळंच झाली असं मी छाती ठोकून म्हणणार नाही कारण मी त्याच काळात फवारणीला जाणंही बंद केलं होतं.

फवारणीवरून आठवलं. डीबीसीपी नावाचं एक औषध होतं, जमिनीतल्या सूत्रकृमीवर मारायचं. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावातल्या कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच पोरं होत नाहीत, मग तपासणी केली तर कित्येकांचा काउंट शून्य. डॉक्टरांनी नाही हो शोधलं, कामगारांनीच आपापसात बोलता बोलता शोधलं. तेव्हा फाउंड्रीत तुझ्या शिफ्टच्या पोरांशी बोल. लाजत सगळे गप्प बसतात आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच झालंय.

सातारची_ताई:

मी जरा दुसऱ्या बाजूनं लिहिते, राग मानू नका.

भट्टीवाले दादा, तुमच्या बायकोच्या पाच वर्षांत किती तपासण्या झाल्या आणि तुमची एक. हे तुमच्या एकट्याच्या घरचं नाही, आमच्याकडंही तसंच होतं. माझं दुसरं मिसकॅरेज झालं तेव्हा सासूबाईंनी घरातल्या सगळ्या उपासांची यादी काढली होती की मी कुठला मोडला. त्यामुळं आता जो रिपोर्ट आलाय तो आईंना शांतपणे समजावून सांगाच, तुमच्यावर आळ घ्यायला म्हणून नाही, पण बायकोच्या अंगावरचं ओझं उतरेल.

मात्र त्याचबरोबर सगळं तुमच्या अंगावर पण घेऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत पडणारे निम्मे तरी गर्भ गुणसूत्रांच्या संख्येत चूक झाल्यामुळं पडतात, आणि ती चूक बऱ्याचदा अंडं तयार होतानाच झालेली असते, कुणाच्या वागण्यामुळं नाही. दोनदा झालं असेल तर दोघांचं कॅरिओटाइप करून घ्या, रक्ताची तपासणी असते. ती डीएफआयपेक्षा वेगळी गोष्ट आहे, तिच्यात गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत का ते बघतात. माझ्या यादीत ती राहूनच गेलेली आणि फार उशिरा झाली. तुमच्या लिस्टमध्ये पण दिसली नाही म्हणून लिहिलं.

अजून एक. तिचं वय ३१ आहे हे फार चांगलं आहे. लॅबवाली ताईंनी लिहिलं ना की अंडं दुरुस्ती करतं, ती ताकद वयानं कमी होते. ३१ ला तीन महिने, सहा महिने थांबून कारण शोधणं परवडतं. माझं वय तेव्हा ३९ होतं, मला कुणी 'आधी नवऱ्याचा मावा सुटू दे, मग बघू' म्हटलं असतं तर मी थांबले नसते. आम्ही सरळ आयव्हीएफला गेलो आणि ते आमच्यासाठी बरोबर होतं. तेव्हा इथं कुणी वाचत असेल आणि बायकोचं वय जास्त असेल तर ह्या धाग्यातला 'थांबा' हा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

रात्रपाळी_रेसिडेंट:

यूरॉलॉजीत शिकतोय, ड्युटीवर आहे त्यामुळे तुटक लिहितो.

तासगावकरांनी सांगितलेलं सगळ्यात महत्त्वाचं: हातानं तपासणी. ती झाल्याशिवाय इक्सी ठरवू नका. नुसत्या डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) दिसणारी पण हाताला न लागणारी बारीक व्हेरिकोसील सहसा ऑपरेट करत नाहीत, तेवढ्यासाठी कुणी टेबलवर घेत असेल तर दुसऱ्याला विचारा.

व्हेरिकोसील काढल्यावर डीएफआय सरासरी पाच-सात टक्क्यांनी उतरतो, काहींचा जास्त, काहींचा हलतच नाही. एवढीच अपेक्षा ठेवा.

सगळ्यांनी ही टेस्ट करावी असं कुठलीच गाइडलाइन म्हणत नाही. अमेरिकन यूरॉलॉजीवाल्यांची २०२० ची गाइडलाइन म्हणते पहिल्या तपासणीत डीएफआय करू नका, पण वारंवार गर्भपात होत असतील तर पुरुषाचं कॅरिओटाइप आणि डीएनए फ्रॅगमेंटेशन बघा. म्हणजे तुमच्या केसमध्ये टेस्ट सांगणारे डॉक्टर चुकले नाहीत. त्यावरून लगेच इक्सीवर उडी मारली ते मला पटलं नाही. इक्सीत एक शुक्राणू निवडून सुईनं अंड्यात सोडतात, पण निवडणाऱ्याला मायक्रोस्कोपखाली त्याचा डीएनए दिसत नसतो.

वीर्यात पू-पेशी आहेत का, इन्फेक्शन आहे का हेही बघून घ्या, त्यांच्यामुळे पण ऑक्सिडेटिव्ह मारा वाढतो. शुगर, वजन. आणि जिममध्ये कुणी इंजेक्शन घेत असेल (तुम्ही नाही, वाचणाऱ्यांसाठी) तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूम बंद होतो आणि काउंट शून्यावर जाऊ शकतो. 'मर्दानगी वाढवायला' घेतलेल्या इंजेक्शननं बाप व्हायचं राहून गेलेली पंचविशीतली पोरं ओपीडीत बघतो.

लॅबवाली:

रेसिडेंटसाहेबांना जोड देते. इक्सी सांगताना आता त्यावर अजून महागड्या गोष्टी सुचवतात, हायालुरॉन नावाच्या पदार्थानं शुक्राणू निवडणं, शुक्राणू गाळून घेणारी मायक्रोफ्लुइडिक चिप वगैरे. हायालुरॉनवाल्या पद्धतीची ब्रिटनमध्ये मोठी ट्रायल झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली, २७०० च्या वर जोडपी होती. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मण्यात ठोस फरक नाही, पण गर्भपात कमी दिसले, ४.३ टक्के विरुद्ध ७ टक्के. म्हणजे अगदी टाकाऊ नाही, पण 'हे केलं की बाळ हमखास' असं कुणी म्हणालं तर ते तसं नाही. वृषणातून सुईनं शुक्राणू काढून इक्सी करणं हा पण मार्ग आहे, पण तो वीर्यातले वापरून वारंवार अपयश आलं तर. तुमच्यासारख्याला पहिल्या पायरीवर नाही.

आणि आमच्यातही चांगले-वाईट आहेत हो. २०२१ च्या कायद्यानं अशा सगळ्या क्लिनिकना नोंदणी सक्तीची आहे, नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीवर बघा, दिसलं नाही तर विचारा. लाजू नका.

शंकासूर:

चिपवरून, ज्या दिवशी क्लिनिकवाले 'बाळ न झाल्यास चिपचे पैसे परत' म्हणतील त्या दिवशी मी पण मानेन.

भट्टीवाला_कोल्हापूर:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अपडेट द्यायला उशीर झाला, शिफ्ट सुरू होत्या.

यूरॉलॉजिस्टला दाखवलं. उभं करून तपासलं, डावीकडं व्हेरिकोसील आहे म्हणाले, ग्रेड दोन, हाताला लागतंय. नंतर डॉप्लरनं पण तेच आलं. त्यांनी लगेच ऑपरेशन नको म्हटलं. डेंग्यू होऊन पुरते तीन महिने उलटले की संक्रांतीनंतर तीन दिवसांच्या गॅपनं त्याच लॅबमध्ये परत टेस्ट, तेव्हाही तिशीच्या वर असेल तर ऑपरेशनचं बघू. तोपर्यंत दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्यायला सांगितलंय, तिसऱ्यांदा तेच नको. कॅरिओटाइपचं रक्त दोघांनी देऊन टाकलं, त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागतो म्हणाले. ताई, तुम्ही आठवण केलीत म्हणून.

कॅप्सूलचं विचारलं तर म्हणाले घ्यायच्या तर घ्या, नाही घेतल्या तरी चालेल. नाही घेत.

मावा एकदम सुटत नाही. दुपारनंतर बंद केलाय, सकाळची एक अजून आहे. कामाचं सुपरवायझरशी बोललो, खरं कारण सांगितलं नाही, पाठ दुखते म्हणालो, तर फर्नेसवरनं फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला) टाकतो म्हणालाय पुढच्या महिन्यात. तिथं धूळ आहे पण उष्णता नाही. द्राक्षबागवाले दादा, तुमचं ऐकून शिफ्टमधल्या एकाजवळ विषय काढला. त्याचं लग्न होऊन सात वर्षं झालीत. अर्धा तास बोलत होता.

ऑपरेशन ठरलंच तर काय काय विचारून घेऊ?

द्राक्षबाग_तासगाव:

पहिलं म्हणजे मायक्रोस्कोप लावून करणार का ते विचार. जांघेजवळ छोटा छेद घेऊन मायक्रोस्कोपखाली करतात त्यात धमनी आणि लसीकावाहिन्या वाचवता येतात, परत उलटायचं प्रमाणही कमी राहतं आणि नंतर वृषणात पाणी भरणं, हायड्रोसील म्हणतात ते, तेही कमी होतं. त्या डॉक्टरनं स्वतः अशी किती केलीत ते सरळ विचार, चांगला डॉक्टर चिडत नाही.

मला त्याच दिवशी घरी सोडलं. जड उचलणं काही आठवडे बंद, तुझ्या कामात लॅडल, कास्टिंग सगळंच जड, त्यामुळं सुट्टीचं आधी बघून ठेव, ईएसआयसी असेल तर आजारपणाची रजा कशी मिळते ते ऑफिसात विचार. लंगोटसारखी घट्ट आतली चड्डी सुरुवातीला आधाराला घालायला लावतात, नंतर सैल घाल. ऑपरेशननंतर तीन महिने जाऊ देत मग टेस्ट, महिन्यात करून घाबरू नको. आणि फेटलिंगला मास्क लाव बाबा, ती सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट.

सातारची_ताई:

कॅरिओटाइपचा रिपोर्ट आला की तो घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडं जा, लॅबच्या काउंटरवर अर्थ विचारू नका. आणि जाताना दोघं जा.